धमनीची भिंत, औषधाची मात्रा आणि खानदेशातील कॅथ लॅब

धमनीच्या भिंतीला इजा झाली की ती भिंत स्वतःची दुरुस्ती सुरू करते, आणि हृदयविकाराच्या उपचारात गेल्या चार-पाच दशकांत डॉक्टरांना ज्या अडचणीने सर्वाधिक सतावले ती या दुरुस्तीच्या अतिरेकातून जन्माला आलेली आहे. चरबी साचून अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करताना तिच्या आतल्या थराला चिरा पडतात, तिचे नाजूक अस्तर खरवडले जाते आणि मधला थर ताणला जातो. रुग्ण ज्याला उपचार समजतो ते भिंतीच्या लेखी एक जखमच असते. भिंतीला हेतू कळत नाही. तंबाखूने, मधुमेहाने किंवा डॉक्टरच्या हाताने, कोणत्याही कारणाने झालेल्या इजेला ती एकाच पद्धतीने उत्तर देते.

हे उत्तर समजण्यासाठी भिंतीची रचना थोडक्यात पाहावी लागते. रक्ताला लागून असलेला आतला थर म्हणजे एका पेशीच्या जाडीचे गुळगुळीत अस्तर. मधला थर अरेखित स्नायुपेशींचा, म्हणजे ज्यांच्यावर मनाचा ताबा चालत नाही आणि ज्या वाहिनीला आकुंचित-प्रसरित करतात अशा पेशींचा. आणि बाहेरचा थर तंतुमय, आधार देणारा. अस्तर निघून गेले की उघड्या पृष्ठभागावर काही मिनिटांतच रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, चिकटतात आणि वाढीला चालना देणारी रसायने सोडतात. एरवी वर्षानुवर्षे शांत राहणाऱ्या स्नायुपेशी त्या इशाऱ्याने विभागू लागतात, मधल्या थरातून आत सरकतात आणि तेथे स्वतःभोवती तंतुमय द्रव्य रचत जातात. अशा रीतीने तयार झालेल्या नव्या थराला नवअंतःस्तर म्हणतात, आणि त्यामुळे किंवा ताणलेली भिंत पुन्हा आवळली गेल्यामुळे उघडलेली धमनी परत अरुंद होण्याला पुनःसंकोचन म्हणतात. माणसात हे काम पहिल्या काही आठवड्यांत जोर धरते आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत मंदावते.

धुळे आणि जळगाव येथे हृदयरोगाचे काम करणाऱ्यांना या प्रक्रियेची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली झाली नाही. ती रुग्ण परत येण्याच्या तारखांवरून झाली. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला, आणि त्यानंतरच्या दशकात हे तंत्र जगभर पसरत असताना असे दिसून आले की साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत सहा महिन्यांच्या आत तीच जागा पुन्हा अरुंद होते. खानदेशातील दोन्ही शहरांत कॅथ लॅब, म्हणजे धमनीत नळी घालून क्ष-किरणांच्या पडद्यावर उपचार करण्याची खोली, नव्हती तेव्हा येथील रुग्ण नाशिक, मुंबई, पुणे, औरंगाबाद, सुरत किंवा इंदूर गाठत असे आणि उपचार होऊन गावी परतत असे. त्यामुळे येथील फिजिशियनच्या वाट्याला या तंत्राचे यश क्वचित येई. अपयश मात्र थेट त्याच्या ओपीडीत येऊन बसे. चोपड्याचा किंवा शिरपूरचा एखादा शेतकरी पाचव्या महिन्यात बांधावरून चालताना छाती भरून आल्याचे सांगे, ‘छातीमा दुखस’ एवढेच सांगून गप्प होई, आणि बरोबरचा नातेवाईक मोठ्या शहरातल्या मोठ्या बिलाचा कागद टेबलावर ठेवून हे परत कसे झाले असे विचारी.

या प्रश्नाला उत्तर देता देता एक व्यवहारी ठोकताळा रूढ झाला, आणि तो आजही नव्या निवासी डॉक्टरांना शिकवला जातो. उपचारानंतर पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत दुखले तर गुठळीचा संशय धरावा. तिसऱ्या ते नवव्या महिन्यात हळूहळू जुनीच लक्षणे परतली तर भिंत जाड झाली असे मानावे. आणि काही वर्षांनी दुखले तर बहुधा दुसऱ्या जागी नवा आजार सुरू झाला असे समजावे. ईसीजी आणि अँजिओग्राफी हे अंदाज पुढे तपासतात, कधी खोडूनही काढतात, परंतु तालुक्याच्या ठिकाणी रुग्णाला रात्रीच हलवायचे की आठवड्याने पाठवायचे हे ठरवताना तारखेचा हिशेब जितका उपयोगी पडतो तितके दुसरे काही क्वचितच पडते.

स्टेंटने, म्हणजे धमनीत कायम राहणाऱ्या धातूच्या जाळीने, या समस्येचा अर्धा भाग सोडवला. तुलूझ येथे जाक प्यूएल आणि लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी १९८६ मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट व स्ट्रेस या दोन चाचण्यांनी तिचा लाभ सिद्ध केला. बेनेस्टेंटमध्ये पुनःसंकोचनाचे प्रमाण ३२ वरून २२ टक्क्यांवर आले. जाळी भिंतीला आतून टेकू देत असल्याने धमनी परत आवळली जाण्याचा मार्ग बंद झाला. मात्र धातूच्या काड्या भिंतीत कायमच्या रुतून राहिल्याने इजा अधिक खोल आणि दीर्घकाळची झाली, आणि स्नायुपेशींची वाढ उलट जोमाने होऊ लागली. ‘स्प्रिंगच्या आत मांस वाढलं’ अशा शब्दांत खानदेशातील डॉक्टर ही गोष्ट नातेवाइकांना समजावतात. जाळीच्या संपूर्ण लांबीभर झालेल्या अशा वाढीवर पुन्हा फुगा फुगवला तरी ती पुन्हा होई, आणि मधुमेही रुग्णांत तर हे चक्र तीन-तीनदा फिरलेले पाहणारे लोक आजही या क्षेत्रात कामावर आहेत.

पेशींची वाढ हाच दोष असेल तर ती थांबवणारी गोळी द्यावी, हा विचार साहजिक होता आणि त्याच्यामागे दोन दशके खर्ची पडली. क्लोज आणि कार्नोव्स्की यांनी १९७७ मध्येच उंदराच्या धमनीत हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे द्रव्य स्नायुपेशींची वाढ दाबते असे दाखवले होते; माणसात त्याचा उपयोग झाला नाही. रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या एसीई प्रतिबंधक गटातील सिलाझाप्रिल या औषधाने १९८९ मध्ये उंदरांत नवअंतःस्तर मोठ्या प्रमाणात रोखला आणि मोठी आशा निर्माण केली, परंतु १९९२ च्या मर्केटर चाचणीत माणसांवर त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. माशाचे तेल, स्टॅटिन, स्टेरॉइड, रक्तबिंबिकांवरील अनेक औषधे यांची गत बहुतांशी तशीच झाली. या अपयशाची कारणे नंतर स्पष्ट झाली. प्रयोगातील उंदराची धमनी तरुण आणि निरोगी होती, तिच्यात चुन्याने कडक झालेला चरबीचा थर नव्हता. शिवाय उंदराला शरीराच्या वजनाच्या मानाने दिलेली मात्रा माणसाला देणे शक्यच नव्हते, कारण ती देताना रक्तदाब किंवा यकृत आधी शरण आले असते.

गोळ्यांमध्ये अपवाद झाले नाहीत असे नाही. प्रोब्युकॉल या जुन्या औषधाने १९९७ मधील एका चाचणीत फुग्यानंतरचे पुनःसंकोचन जवळजवळ निम्म्यावर आणले, आणि सिलोस्टाझॉल या गोळीने साध्या धातूच्या स्टेंटनंतरचे प्रमाण ३४.५ वरून २२ टक्क्यांवर आणल्याचे २००५ च्या क्रेस्ट चाचणीत दिसले. सिलोस्टाझॉल खानदेशात आजही भरपूर लिहिली जाते, पण ती मुख्यतः चालताना पोटऱ्या दुखणाऱ्या, पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांसाठी; तिच्याने डोके दुखते, छातीत धडधडते, आणि हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला ती देताच येत नाही. हे निष्कर्ष हाती येईपर्यंत मुख्य प्रवाह दुसरीकडे वळलेलाही होता.

तो वळला मात्रेच्या प्रश्नावर. औषध निवडण्यात जेवढी चूक झाली नव्हती तेवढी ते पोहोचवण्यात झाली होती, असे आता मागे वळून म्हणता येते. दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या भिंतीसाठी संपूर्ण शरीरभर औषध फिरवायचे आणि त्यातला कणभर अंश त्या जागी पोचेल अशी आशा धरायची, हा मार्ग रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकाला समजावून सांगणे सोपे जाते, कारण पाटपाण्यातून खत सोडणे आणि ठिबकच्या नळीतून ते झाडाच्या मुळाशी देणे यातला फरक त्याने आपल्या शेतात पैशांनिशी अनुभवलेला असतो. औषध जाळीवरच लेपून ठेवायचे, बहुवारिकाच्या म्हणजे पॉलिमरच्या पातळ थरातून ते काही आठवडे हळूहळू झिरपू द्यायचे आणि पेशींची वाढ ज्या काळात जोरावर असते नेमक्या त्या काळात त्यांना अडवायचे, ही कल्पना त्यामुळे येथे ऐकणाऱ्याला नवलाची वाटत नाही.

या कामासाठी दोन द्रव्ये पुढे आली. पहिले सिरोलिमस. दक्षिण प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते वेगळे काढण्याचे काम मॉन्ट्रियल येथे सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने १९७० च्या दशकात केले, आणि १९९९ मध्ये ते मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून मान्य झाले. पेशी विभागणीच्या तयारीत असताना तिला पुढचा टप्पा गाठू न देणे हे त्याचे कार्य. पेशी मरत नाही, थांबते. डिसेंबर १९९९ मध्ये साओ पाउलो येथे एदुआर्दो सोझा यांनी सिरोलिमस लेपलेला स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल चाचणीत साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के असलेले पुनःसंकोचन औषधी स्टेंटच्या गटात शून्य नोंदले गेले. हे शून्य पुढे टिकले नाही. अधिक अवघड धमन्या असलेल्या रुग्णांवरील सिरियस चाचणीत ते ८.९ टक्के झाले. तरी त्याच चाचणीत साध्या स्टेंटचे प्रमाण ३६.३ टक्के होते, आणि एवढा फरक या विषयात त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता.

दुसरे द्रव्य पॅक्लिटॅक्सेल, आणि त्याचा एक धागा थेट खानदेशात येतो. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. त्या काळी नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, पुढे तो जिल्हा धुळे नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९९८ मध्ये नंदुरबार त्यातून वेगळा जिल्हा झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. योगायोग असा की १९६२ मध्येच अमेरिकेच्या वायव्येकडील जंगलात सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी पॅसिफिक यू या सावकाश वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाची साल गोळा केली होती, आणि कर्करोगविरोधी द्रव्यांच्या शोधमोहिमेत ती साल पुढे वॉल-वाणी यांच्या प्रयोगशाळेत आली. सालीतील अत्यल्प प्रमाणात असलेले क्रियाशील द्रव्य शुद्ध करून त्याची गुंतागुंतीची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. ते पेशीत नेमके काय करते हे १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवले: विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रे वाटून घेण्यासाठी सूक्ष्मनलिकांची जी चौकट उभी राहते आणि काम संपताच मोडली जाते, ती चौकट हे द्रव्य मोडूच देत नाही, त्यामुळे पेशी विभागणीच्या मध्यावर अडकून पडते. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी त्याला १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि पॅक्लिटॅक्सेल लेपलेला स्टेंट तेथे २००४ मध्ये बाजारात आला. वाणी यांचे निधन २०२० मध्ये झाले. त्यांच्या संशोधनाची कीर्ती मुख्यतः कर्करोगाच्या क्षेत्रात राहिली आणि ते स्वाभाविक आहे. तरीही धुळ्याच्या किंवा जळगावच्या कॅथ लॅबमध्ये पॅक्लिटॅक्सेल लेपलेला फुगा पाकिटातून काढताना नंदुरबारचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते, याची खंत नोंदवून ठेवायला हरकत नाही.

एकाच औषधाची दोन रूपे एकाच रुग्णालयाच्या दोन मजल्यांवर दिसतात आणि त्यांतून मात्रेचा मुद्दा जितका स्पष्ट होतो तितका पुस्तकातून होत नाही. कर्करोगाच्या कक्षात पॅक्लिटॅक्सेल सलाइनमधून शिरेत दिले जाते तेव्हा एका वेळची मात्रा अडीचशे-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात असते, केस गळतात, पांढऱ्या पेशी उतरतात आणि परिचारिका हातमोजे चढवून बाटली हाताळतात. स्टेंटवर तेच औषध सुमारे एक दशांश मिलिग्रॅम असते. इतक्या अल्प मात्रेचा उर्वरित शरीराला पत्ताही लागत नाही, आणि भिंतीच्या त्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये मात्र तिचा अंमल पूर्ण असतो.

पूर्ण अंमलाचीही किंमत होती. सिरोलिमस आणि पॅक्लिटॅक्सेल या दोघांनाही स्नायुपेशी आणि अस्तराची पेशी यांतला भेद कळत नाही. मांस वाढू न देणारे औषध जाळीवर अस्तरही चढू देत नाही, आणि अस्तराविना उघडी राहिलेली धातूची काडी ही रक्तबिंबिकांसाठी गुठळी बांधण्याची तयार जागा असते. साध्या स्टेंटवर अस्तर साधारण महिन्याभरात येई. पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटवर ते कित्येक महिने, काही रुग्णांत त्याहूनही अधिक काळ, अपुरेच राहिले. गोळ्या बंद केल्यानंतर वर्षभराने अचानक स्टेंट गुठळीने बंद झाल्याच्या घटना २००४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या, २००६ मध्ये बार्सिलोना येथील जागतिक परिषदेत त्यावर मोठे वादळ उठले, आणि ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किमान वर्षभर घ्यावी असा सल्ला त्यातून पुढे आला. पुनःसंकोचन हळू येते आणि बहुधा इशारा देते; गुठळी मिनिटांत येते आणि बहुधा मोठा झटका घेऊन येते. पुढच्या पिढीतील स्टेंटच्या काड्या बारीक झाल्या, बहुवारिक सौम्य किंवा विरघळणारे झाले, एव्हरोलिमससारखी सिरोलिमसची भावंडे आली, आणि झटका न आलेल्या स्थिर रुग्णात सहा महिने, रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर त्याहूनही कमी काळ, दोन गोळ्या पुरतात इथपर्यंत मजल गेली.

शरीरभर फिरणाऱ्या गोळीला कंटाळून औषध भिंतीवर नेले गेले, आणि ते तेथे सुरक्षित राहावे म्हणून रुग्णाला पुन्हा रोजच्या गोळीशी बांधावे लागले. या विषयातील सगळ्यात मोठी विसंगती हीच आहे, आणि खानदेशातील कामाचा बहुतांश भाग तिच्याशीच झगडण्यात जातो. साओ पाउलो येथे ठरलेल्या मात्रेचे यश शेवटी साक्री तालुक्यातील एखाद्या घराच्या देवळीत ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर अवलंबून असते. गोळ्या बंद होण्याची कारणे येथे काम करणाऱ्या कोणालाही न विचारता सांगता येतील. दाढ काढायची म्हणून कोणीतरी ‘रक्त पातळ करणारी’ गोळी थांबवायला सांगतो आणि ती पुन्हा सुरू करायचे सांगणे राहून जाते. हिरड्यांतून रक्त आले, कापूस वेचताना हातावर निळे डाग पडले, शौचाला काळे झाले, की घरच्या घरी निर्णय होतो. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या कुटुंबाबरोबर दोन महिन्यांचा साठा जात नाही. पोळ्याच्या किंवा पेरणीच्या हंगामात हातात पैसा नसतो, मग दोनपैकी एक गोळी घेतली जाते, आणि घेतली जाणारी गोळी बहुधा स्वस्त असलेली ॲस्पिरिन असते. सर्वांत अवघड कारण मात्र वेगळेच आहे: रुग्णाला बरे वाटत असते. छातीत दुखत नाही, शेतात काम होते, जिना चढता येतो, मग ‘आते गोया कसाले?’, म्हणजे आता गोळ्या कशाला, या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नसते, कारण ज्या अस्तराच्या येण्याची वाट पाहायची ते ना रुग्णाला दिसते ना नेहमीच्या तपासणीत डॉक्टरला.

अनुभवी डॉक्टर यावर जो उपाय करतात त्याची पाठ्यपुस्तकात फारशी दखल नाही. स्टेंट निवडण्याच्या आधीच ते घरात गोळ्या कोण आणते, पुढच्या वर्षभरात मोतीबिंदू, हर्निया किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे का, आधी अल्सर होऊन गेला आहे का, हे विचारून घेतात. डिस्चार्ज कार्डावर गोळी केव्हा थांबवायची त्याची तारीख मराठीत आणि ठळक लिहितात. आणि ‘हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये’ हे वाक्य सुनेला किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाला मोठ्याने वाचायला लावतात. पूर्वी याच प्रश्नांच्या उत्तरांवरून साधा स्टेंट की औषधी स्टेंट हे ठरे, कारण साध्या स्टेंटनंतर महिनाभराच्या गोळ्या पुरत आणि पुनःसंकोचनाचा धोका पत्करणे हे गोळी चुकून गुठळी होण्यापेक्षा बरे असा हिशेब मांडला जाई. नव्या पिढीच्या स्टेंटमुळे तो हिशेब बहुतांशी मागे पडला, आणि ते इष्टच झाले.

किंमत हा त्या हिशेबाचा दुसरा भाग होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषधी स्टेंटची सरासरी छापील किंमत १.२१ लाख रुपयांच्या आसपास होती. तोपर्यंत कॅथ लॅबच्या दाराबाहेर नातेवाइकांशी होणारा संवाद औषधाच्या गुणांवर कमी आणि जमिनीच्या तुकड्यावर जास्त होत असे. धुळे जिल्ह्याला थोडा आधी दिलासा मिळाला होता, कारण २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते; जळगावपर्यंत ती २०१३ मधील विस्तारात पोचली आणि पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. शिवाय औषधी स्टेंट बनवणारे मोठे भारतीय कारखाने सुरत आणि वापी येथे उभे राहिले. सुरतेच्या सहजानंद कंपनीचा सिरोलिमस स्टेंट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील टॅलेंट चाचणीत नामांकित परदेशी स्टेंटच्या तोडीचा ठरला, तरी तापी खोऱ्यातील रेल्वेने काही तासांवर असलेल्या शहरातला स्टेंट हलका आणि ‘इंपोर्टेड’ तेवढा भारी, हा समज येथील सुशिक्षित घरांतूनही अजून गेलेला नाही.

हृदयाच्या धमन्यांत जे यश मिळाले ते शरीरातील प्रत्येक वाहिनीत मिळालेले नाही, आणि याचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय डायलिसिसच्या खोलीत येतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला तयार केला जातो, म्हणजे शिरेतून जोराने रक्त वाहू लागते, ती फुगते आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिच्यात जाड सुया टोचता येतात. शिरेची भिंत पातळ आणि कमी दाबाची सवय असलेली. धमनीचा दाब आणि वारंवारची टोचणी तिला सततची इजा करत राहतात, आणि ती त्याच नवअंतःस्तराने उत्तर देते. येथील डायलिसिस तंत्रज्ञ सुई लावण्याआधी फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर तपासतात. थरथरीच्या जागी ठोका लागू लागला, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला किंवा यंत्रावर परतीचा दाब वाढू लागला, की भिंत जाड होत असल्याचे ते सोनोग्राफीच्या आधी सांगतात. अशी सूचना वेळेवर दिली गेली तर फुग्याने वाहिनी उघडता येते. उशीर झाला तर फिस्टुला बंद पडतो, मानेत नळी घालावी लागते, आणि नव्या फिस्टुलासाठी हातावर जागा शोधावी लागते. स्टेंट बसवताना मोठी इजा एकदाच होते आणि औषधालाही ठराविक काळ तिच्याशी झुंजायचे असते. फिस्टुलात इजा दर आठवड्याला नव्याने होते, म्हणून एकदा दिलेल्या औषधाचा प्रभाव तेथे लवकर ओसरतो.

तरीही औषधी फुग्याने येथे काही जागा मिळवली आहे. या फुग्यावर पॅक्लिटॅक्सेलचा लेप असतो, अर्धे-एक मिनिट किंवा थोडे अधिक काळ तो भिंतीवर दाबून धरला की औषध भिंतीत शिरते, आणि मागे धातू काहीच उरत नाही. जर्मनीतील श्पेक आणि शेलर यांच्या गटाने जुन्या स्टेंटमधील वाढीवर त्याचा उपयोग २००६ मध्ये दाखवला, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी साध्या फुग्याच्या गटात ५९.५ टक्के फिस्टुलांची उपचार केलेली जागा उघडी होती तर औषधी फुग्याच्या गटात ८२.२ टक्के. मध्यंतरी डिसेंबर २०१८ मध्ये पायांच्या धमन्यांतील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने पॅक्लिटॅक्सेल वापरलेल्या रुग्णांत काही वर्षांनंतर मृत्यू अधिक दिसल्याचे म्हटले, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावधगिरीची पत्रे काढली, आणि खानदेशातही बराच काळ हे फुगे कपाटात पडून राहिले. अधिक रुग्ण आणि अधिक वर्षांची माहिती जमल्यावर जुलै २०२३ मध्ये त्याच प्रशासनाने असा वाढीव धोका आढळत नसल्याचे जाहीर केले. या काळात सिरोलिमसचे फुगेही पुढे आले, आणि त्यांपैकी एक सुरतेतच बनतो. सिरोलिमस भिंतीत सहज मुरत नसल्याने त्याला अतिसूक्ष्म कणांच्या आवरणात गुंडाळून पोचवावे लागते, आणि त्याची तुलना पॅक्लिटॅक्सेलशी करणाऱ्या चाचण्या चालू आहेत. धुळे-जळगावच्या कामात तूर्त रूढ झालेला क्रम असा आहे की फिस्टुला पहिल्यांदा अरुंद झाला तर उच्च दाबाचा साधा फुगा वापरायचा, तीच जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद झाली तर औषधी फुग्याचा खर्च रुग्णासमोर मांडायचा, आणि रुग्णाचा प्रत्यारोपणासाठी क्रमांक जवळ आला असेल तर तेवढे महिने साध्या फुग्यावरच निभावून न्यायचे.